पडद्यापुढची मोकळी जागा

अण्णा, तुमचा पडदा शेवटी हळदीवर गेला. तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात काकांनी वसमतच्या तुमच्या फोटो स्टुडिओतून तो काढून नेला, अवकाळीच्या भीतीनं, वाळत घातलेली हळद झाकायला. तुम्ही हातानं रंगवलेला राजवाडा, कारंजं, सगळं शेतात कुजलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गावातली निम्मी नवरा-नवरी त्या पडद्यापुढं उभी राहून गेली आणि तुमच्या दहाव्याला ठेवायला तुमचाच एक धड फोटो घरात निघाला नाही. मतदान कार्डावरचा काळपट चेहरा मोठा करून आणला, तर आई म्हणाली, "हे कोन हायेत?"

एकदा तुम्ही पडद्याला रंगाचा दुसरा हात देऊन राहिला होतात आणि मी तुमचा डोळा चुकवून मधोमध मोर काढला. तुम्ही रॉकेलच्या फडक्यानं तो पुसून टाकलात. "तिथं मानूस उभा राहनार हाय. त्याची जागा काहून खातीस?" मी दिवसभर फुगून बसले. आता मी कळमनुरीत बॅनर आणि लग्नपत्रिका करते, त्यावर घर चालतं. पण संध्याकाळी वेगळं काम असतं. जुने कम्प्युटर गेम असतात, त्यातला माणूस या खोलीतून त्या खोलीत फिरतो, वस्तू शोधतो. ते गेम आवडणारे लोक देशोदेशी बसून, एक पैसा न घेता, ते नव्यानं तयार करतात. मी त्यांना खोल्या रंगवून द्यायला लागले. पहिलंच चित्र पाठवलं तेव्हा त्यांनी विचारलं, मधली जमीन मोकळी सोडायला कुठं शिकलीस? त्यांना काय सांगणार होते, माझा मोर पुसला म्हणून? आई म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून राहिली पोरगी."

पुढं एका गेममध्ये गल्लीतलं एक बंद दुकान आतून रंगवायचं होतं. मी तुमचा स्टुडिओ काढला. मागं पडदा, कारंज्यासकट, कडेला डार्करूमचं दार आणि दाराखाली लाल उजेडाची रेघ. हे ऐकल्यापासून आईचा भाकऱ्यांचा टोमणा बंद झाला. शुगरनं तिची नजर चाललीय. रोज एकच विचारायची, "कवा निघनार हाय ते? दिसतंय तंवर दाव बाई." आणि मूळ गेमच्या मालकांची नोटीस आली. काम थांबलं, सगळ्यांची चित्रं जागच्या जागी राहिली. ते गेमचे मालक, त्यांच्याशी काय भांडणार. पण मला फार वाईट वाटलं, अण्णा. तुमचा पडदा दुसऱ्यांदा गेला.

परवा आईनं पुन्हा विचारलं. मी तिला शेजारी बसवलं, नुसतं चित्र उघडलं आणि म्हटलं, निघाला गेम. ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. कारंजं तिनं बराबर ओळखलं. मग मोकळ्या जमिनीवर बोट ठेवून म्हणाली, "इथं तर कोनीच न्हाई."

"अण्णा आत गेलेत," मी म्हटलं. "रोल धुवायला."

"बरं," म्हणाली, आणि पदर सावरून बसून राहिली.

हे पत्र कुठं पाठवायचं म्हणून लिहिलं नाही, त्या चित्राजवळच ठेवून देते. आईशी खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. पण खरं सांगते, तिच्या शेजारी बसून मी पण डार्करूमच्या दाराकडंच बघत होते.