वांगाचे डाग आणि माझं लिव्हर

मार्गिलान, मंगळवार

आदरणीय आणि लाडक्या सोलिहाओपास, धाकट्या बहिणीचा, मुहब्बतचा, छातीवर हात ठेवून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? जावईबापू अजून तुझ्याच घरी मुक्काम ठोकून आहेत ना? जर्दाळू पिकले का? (फोनवर हे बोलता आलं नसतं, सगळं घर कान टवकारून असतं.) इथे आम्ही ठणठणीत आहोत, आणि हे वाक्य दोन महिन्यांत मी पहिल्यांदा खरं लिहिते आहे.

त्याचं असं झालं. मार्चमधल्या नवरोजनंतर माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. आपण मुळात सावळ्या, त्यावर हे तपकिरी नकाशे. शेजारची ओयनिसाखाला (जिला कोणी विचारत नाही, म्हणून ती सगळ्यांना सांगत फिरते) नान घ्यायला आली आणि भर रांगेत म्हणाली, "अगं बाई, हे लिव्हरचं! तुझ्या आईलाही शेवटी असेच आले होते." आई कशाने गेली ते तुला ठाऊकच आहे. घरात सांगायची छाती होईना, म्हणून "भाचीच्या लग्नात उठून दिसायचंय" अशी थाप मारून उपचार सुरू केले. दही लावलं, काकडी लावली, किसलेला मुळा लावला. नवरोबा रहमतजान म्हणाला, "कोशिंबीर ताटात वाढ की, तोंडावर कशाला?" मग बाजारातल्या एका बाईने बिननावाची डबी दिली. "आठ दिवसांत सोललेल्या अंड्यासारखी दिसशील." तिसऱ्याच दिवशी सोलून निघाले खरी, पण सोललेली जागा दुप्पट काळी पडली. वर लिव्हरसाठी चरबी बंद. घरात पुलाव शिजे आणि मी उकडलेला भोपळा चिवडत, आपल्यामागे पोरांचं कोण बघेल म्हणून रडत बसे. (नवऱ्याला वाटे, भोपळ्यामुळे रडते. थोडं तेही होतं.)

शेवटी गेल्या आठवड्यात कातडीच्या डॉक्टरणीकडे गेले. तिने रक्त तपासलं, भिंगातून गाल पाहिले आणि विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, "बावीस वर्षं पहाटेपासून तंदुरात डोकं घालून नान लावते." ती हसायलाच लागली. "बाई, लिव्हर उत्तम आहे. हे वांग आचेचं आणि उन्हाचं. आपली सावळी कातडी चोळली, जाळली की आणखी काळी पडते. ती डबी फेका, उन्हाचं मलम लावा, आच टाळा, सहा महिने धीर धरा. थोडे डाग राहतीलही." राहू देत! मी तिथेच तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले आणि बाहेर पडून दोन थाळ्या चरबीदार पुलाव हाणला. आता तंदुरापाशी रहमतजान उभा असतो. त्याचे निम्मे नान निखाऱ्यांत पडतात. मी लांब सावलीत बसून सूचना देते आणि फार सुखात आहे.

तुझी (अजून बरीच वर्षं राहणारी)
मुहब्बत

ता. क. एप्रिलात मी तुला माझा रेशमी झगा "सहज" पाठवला होता. सहज नव्हता. मी मरणार होते. आता तो बेत रद्द झाला आहे, तरी झगा परत पाठव.

ता. क. २. पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं, गेल्या महिन्यात तूही मला आईची चांदीची कर्णफुलं "सहज" पाठवलीस, आणि तेव्हापासून फोनवर चेहरा दाखवत नाहीस. तुझाही तंदूर अंगणातच आहे, ओपा. डॉक्टरणीकडे शुक्रवारची वेळ घेते. दोघींच्या वाटचं घाबरणं माझं करून झालं आहे. पावडर न लावता ये.