आदर्श धमनीचा मालक

३ मार्च, सोमवार
शाळेच्या पटांगणात तपासणीची गाडी आली आहे. मानेवर यंत्र फिरवून रक्तवाहिन्यांच्या आत थर साचलाय का ते बघतात. चाळिशीपुढच्या सगळ्यांची, फुकट. दुखत नाही, टोचत नाही म्हणे. बायकोने माझं नाव पहिल्याच यादीत घातलं. मला न विचारता. पस्तीस वर्षं शिवणकाम करतोय. गावातल्या कोणाची कॉलर पंधराची सतरा कधी झाली, ते त्याच्याआधी मला कळतं. माझ्या मानेत काय आहे ते बाहेरच्यांनी गाडीतून येऊन सांगायची गरज नाही.
वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी कापड कापता कापता कोसळले आणि त्यांचा डावा हात कायमचा गेला. त्याचा इथे काही संबंध नाही. मी सत्तावन्नचाच आहे.

४ मार्च
ठराव: तपासणी शनिवारी. तोवर सिगारेट बंद, तळलेलं बंद, रोज तासभर चालणे. पाच दिवसांत रक्तवाहिन्या लख्ख. पाहुणे यायच्या आधी घर आवरतोच ना आपण!
सकाळी ६.१०. चाललो. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावरच सिगारेटचं दुकान आहे, त्याला मी काय करणार?

६ मार्च
सिगारेट एकदम सोडणं धोक्याचं असतं, असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही. हळूहळू सोडणार. काल पाच, आज सहा. पण आज गिऱ्हाईक जास्त होतं.

७ मार्च, दुपार
छातीत धडधड. तपासणीच्या नुसत्या विचाराने. म्हणजे तपासणीच तब्येतीला घातक!
उपाय सुचला. धाकटा. माझा सख्खा भाऊ, टपाल वाटतो, रोज वीस किलोमीटर सायकल मारतो. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण उन्हातान्हात फिरून केस माझ्याइतकेच पांढरे. आईवडील एक, रक्त एक, म्हणजे रक्तवाहिन्याही घरच्याच. त्याच्या तपासल्या काय, माझ्या तपासल्या काय. तो म्हणाला, दादा, हे काही बरं नाही. दोन शर्ट शिवून देतो म्हटल्यावर त्याला बरं वाटायला लागलं.

८ मार्च, शनिवार
धाकट्याला माझा शर्ट घातला, गळ्यात माझी टेप अडकवली. शर्टात तो हरवलाच होता, पाठीमागे पिना मारून सापडवला. मशीनवाल्या ताई बाहेरगावच्या. त्यांनी मास्टर म्हणून हाक मारली, याने ओ दिली. मी झाडामागे उभा राहून देखरेख केली. फार दमलो.

१२ मार्च
रिपोर्ट आला! थर नाही. प्रवाह उत्तम. म्हटलंच होतं मी. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमचंही मामंजींसारखं होईल या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणाली. क्षणभर कसंसंच झालं मला. मग रिपोर्ट फ्रेम करायला टाकायचं ठरवलं.

१५ मार्च
फ्रेम दुकानात आरशाशेजारी लावली. माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक ती वाचतंच. आज चौघांनी वाचली, चौघेही हसले. माणूस निरोगी निघाला की लोकांना आनंद होतो. गाव मुळात चांगलं आहे आमचं.

१८ मार्च
आठ सिगारेटी. इतक्या स्वच्छ रक्तवाहिन्यांना आठ म्हणजे काहीच नाही. बायको बोलायला लागली, तसं मी नुसतं फ्रेमकडे बोट केलं. गप्प झाली. जरा जास्तच लवकर गप्प झाली. रिपोर्टचा दरारा!

२१ मार्च, शुक्रवार
मशीनवाल्या ताई स्वतः दुकानात आल्या. पन्नाशीपुढच्या पुरुषांत सगळ्यात सुंदर धमनी माझी ठरली म्हणे. रविवारी तपासणीचा समारोप. तिथे मोठ्या पडद्यावर, गावादेखत, 'आदर्श धमनी' म्हणून माझी मान तिथल्या तिथे यंत्र फिरवून दाखवणार. मी स्पष्ट नकार देणार होतो. तेवढ्यात म्हणाल्या, आधी तुमचं भाषण आहे.

२२ मार्च
भाषणाची चार पानं झाली. पहिला मुद्दा: संयम.
धाकट्याला विचारलं, उद्या पुन्हा माझा शर्ट घालशील का. म्हणाला, दादा, सगळं गाव समोर असणार, वहिनी पहिल्या रांगेत असणार, तिला मी काय म्हणून हाक मारू? मुद्दा बरोबर आहे. पण खरं तर त्याची गरजच नाही. आठवडाभर रोज फडक्याने तो रिपोर्ट पुसतोय. आता माझाच वाटतो.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळी ५
भाषण झालं. टाळ्या पडल्या. मग आडवा झालो. मानेवर गार जेल. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. ताईंचा हात फिरता फिरता थांबला. मागे आला. पुन्हा तिथेच थांबला. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी पडदा बंद करायला लावला. कोणीच हसलं नाही. हसायला हवं होतं. वडिलांना भरवताना आई त्यांचा डावा हात उचलून मांडीवर ठेवायची, ते आठवलं.
घाबरलो. फार घाबरलो.

२४ मार्च, सोमवार
डॉक्टर म्हणाले, थर आहे, पण वेळेत सापडला. गोळ्या. सिगारेट बंद. रोज चालणं.
बायकोजवळ सगळं कबूल केलं. मोठ्या मनाने. धाकट्याचा दोष नाही, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दुकानातून फ्रेम आणली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. वजन अठ्ठावन्न किलो. माझं शहाऐंशी आहे. सगळ्या गावाची मापं घेतली आणि हे एवढंच वाचायचं राहिलं. गिऱ्हाइकांनी वाचलं होतं. एकूण एक. बायकोने तर रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी वाचलं आणि तडक ताईंना जाऊन गाठलं. नुसतं तपासायला चला म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात का, म्हणाली. 'आदर्श धमनी' हे नाव तिनेच सुचवलं. भाषणही तिनेच.
भयंकर राग आला. मग डोळ्यात काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत.
उद्यापासून रोज तासभर चालायचा ठराव इथे लिहिणार होतो. ती दारात उभी आहे, हातात दोघांच्याही चपला. म्हणते, उद्या नाही. आत्ता.