हळू फिरवलं की डळमळत नाही

४ जून
आजपासून रोजनिशी. संकल्प: विद्यार्थ्यांवर चिडायचं नाही. तीस तारखेला कमिटी येणार. माझा सिद्धान्त समोर करून दाखवला तर लॅब राहील, नाहीतर काढून घेतील. सिद्धान्त सोपा: पॉलिमर घातलेलं, पाकासारखी तार सुटणारं द्रावण हळू फिरवलं, तर त्यात पडणारा भोवरा डळमळत नाही. अठरा वर्षांत कुणी चूक काढलेली नाही.

५ जून
माझी पीएचडीवाली म्हणते, सर, हळू फिरवलं तरी डळमळतोय. चिडलो नाही. शांतपणे अक्कल काढली. टेबल तिरकं असणार.

९ जून
तिच्याकडून टेबल लेव्हल करून घेतलं. तरी डळमळतोय. म्हणते, पॉलिमरचे लांब रेणू रबरासारखे ताणले जातात, ती ओढच भोवरा मोडते, त्याला वेग लागतच नाही. म्हटलं, रबर तुझ्या डोक्यात भरलंय. चांगला विनोद. ती हसली नाही.

१२ जून
तिची त्रेचाळीस रीडिंग्ज 'सदोष' म्हणून काढून टाकली. थीसिसचं चौथं प्रकरण गेलं. रडली. रडून आकडे बदलत नाहीत, असं समजावलं. बायकोने विचारलं, तुम्ही स्वतः एकदा तरी फिरवून पाहिलंत का? बायकोला यातलं काही कळत नाही.

१७ जून
पोरगी शेजारच्या लॅबमधल्या मॅडमकडे गेली. ब्याद टळली. शेऱ्यात लिहिलं: निरीक्षणशक्ती बेताची.

२९ जून
स्वतः फिरवून पाहिलं. डळमळला. पंखा बंद केला. डळमळला. उद्या आणखी हळू फिरवीन.

३० जून
इतकं हळू फिरवलं की अध्यक्षांनी विचारलं, चालू आहे ना? डळमळला. म्हटलं, टेबल तिरकं आहे. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून पाहिलं. शून्य अंश. मग सगळे शेजारच्या लॅबमध्ये गेले. तिथेही डळमळत होता, पण पोरीने तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून तिथे टाळ्या पडल्या.

१५ जुलै
लॅब मॅडमकडे. मला कोपऱ्यात खुर्ची दिली आहे. रोज सकाळी टेबल लेव्हल करतो. जबाबदारीचं काम आहे, कुणालाही देत नाहीत.

८ नोव्हेंबर
त्या पोरीचा पेपर छापून आला. तीच त्रेचाळीस रीडिंग्ज. शेवटी आभार: 'टेबल अचूक लेव्हल केल्याबद्दल सरांचे.' अचूक! बायकोला दाखवलं. ती म्हणाली, छान.

पेपर तीनदा वाचला. माझ्या सिद्धान्ताचा उल्लेख कुठेच नाही. चुकीचा म्हणूनसुद्धा नाही.