गॅलनला तीन हजार मैल

९ जानेवारी

बाहेर कंबरभर बर्फ. गॅरेजमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, कारण आमचा हीटर ड्रोन क्लबवाल्यांनी पळवला. चोर!

आज निवडणूक झाली. कॉलेजच्या इंधनबचत गाडीच्या संघाचा मी कॅप्टन. पाचपैकी तीन मतं. त्यातलं एक माझं, पण तेही मी नीट विचार करूनच दिलं.

पंचवीस मिनिटं बोललो. म्हणालो, या देशात एक माणूस एक पाव आणायला जातो आणि सोबत अडीच टन लोखंड फिरवून आणतो. हा प्रवास नाही, हा गुन्हा आहे. आपण एका गॅलन पेट्रोलमध्ये तीन हजार मैल जाऊन दाखवू. टाळ्या पडल्या. संघातल्या ब्रेनाने हातमोजे काढले नव्हते, म्हणून आवाज जरा कमी आला.

११ जानेवारी

डीनने बोलावलं. म्हणाले, लायल, तीन वर्षं तुमची गाडी मिशिगनच्या दुसऱ्या टोकाला स्पर्धेला जाते आणि आकडा न घेता परत येते. पहिल्या वर्षी इंजिन जाम. दुसऱ्या वर्षी चाक निखळलं. गेल्या वर्षी हॉर्न वाजला नाही म्हणून तपासणीतच बाद. यंदा जूनमध्ये अधिकृत आकडा आला नाही, तर गॅरेज ड्रोन क्लबला. वर म्हणाले, आकडा कितीही असला तरी चालेल.

कितीही! या एका शब्दाने माझं रक्त उसळलं. महापुरुषांना कधी कोणी 'कितीही चालेल' म्हटलं होतं का?

परत येऊन भिंतीवर खिळा ठोकला. जूनमध्ये इथे शिक्का मारलेला, माझ्या नावाचा कागद लागेल. ब्रेनाने विचारलं, खिळ्याचं वजन धरलंस का हिशेबात?

१९ जानेवारी

ब्रेना कॉस्की शेवटच्या वर्षाला आहे. वेल्डिंग तिचं, इंजिन तिचं, तिन्ही पराभवांना ती हजर. आज तिला माझ्या तीन हजारांच्या योजनेचे सतरा मुद्दे सांगितले. सतरावा होईपर्यंत तिने मागच्या चाकाचा अख्खा सांगाडा जोडला. मग म्हणाली, हे बघ, मला तीन हजार नकोत. मला त्या निकालाच्या फळ्यावर काहीतरी हवंय. बारा असले तरी चालतील. घरी सांगता यायला हवं ना, की चार वर्षं इथे मी काय करत होते.

बारा! किती खुजी स्वप्नं. हिच्यासाठी तरी मला तीन हजार आणलेच पाहिजेत.

२ फेब्रुवारी

शत्रू ओळखला. वजन. गाडीचं प्रत्येक पौंड म्हणजे पेट्रोलची चोरी. आजपासून संघात जे जे अनावश्यक ते बाद. सीटची उशी बाद. हँडलवरची गुंडाळी बाद. हॉर्नला मात्र ब्रेनाने हात लावू दिला नाही. हातात पाना होता तिच्या. मी वाद वाढवला नाही. भीती म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून.

११ फेब्रुवारी

सर्वांत जास्त वजन गाडीत नाही, ड्रायव्हरमध्ये आहे! हे आजवर कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

ड्रायव्हर म्हणजे ओटो नीमी. दुसऱ्या वर्षाला, लहान चणीचा, गाडीत आडवा पडून मावणारा एकमेव. वजन एकशे छत्तीस पौंड. त्याला सांगितलं, मांसबटाट्याची पेस्टी बंद, गोड बन बंद, रोज संध्याकाळी सॉनाच्या गरम खोलीत बसणं. तो म्हणाला, कॅप्टन, सॉनात घाम येतो पण नंतर भूक दुप्पट लागते. मी म्हणालो, भूक ही मनाची कमजोरी आहे. हे म्हणताना माझ्या हातात पेस्टी होती, एवढंच त्याने सगळ्यांना सांगितलं. मुद्दा कोणी सांगितला नाही.

१६ मार्च

ओटो एकशे एकोणतीस. विजय. चिडचिडा झालाय, पण हलका.

४ एप्रिल

पार्किंगमधला बर्फ उतरला. पहिली चाचणी. आमची पद्धत अशी, की इंजिन पेटवायचं, वेग घ्यायचा, इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची. वेग मेला की पुन्हा पेटवायचं. घरंगळण्यातच सगळी कमाई.

आकडा आला सहाशे दहा.

हवा चुकीच्या दिशेने वाहत होती. शिवाय पार्किंग सपाट नाही. शिवाय ड्रोन क्लबचं एक यंत्र वरून घोंघावत होतं, त्याने ओटोचं लक्ष विचलित झालं. तक्रार लिहिली. चार पानं.

ब्रेनाने सहाशे दहाचा आकडा खडूने गाडीखाली, कोणाला दिसणार नाही असा लिहून ठेवला. किती थोडक्यात सुखी होतात माणसं. संताप आला.

१२ मे

कॅनडातल्या ऑन्टारियोच्या संघाची मेल. गेल्या वर्षीचे विजेते. लिहितात, तुम्ही लांबून येताय, काही सुटे भाग कमी असतील तर कळवा, आम्ही जास्तीचे आणू. ही गोडी! हा दर्प! दोन वर्षांपूर्वी आमच्या ड्रायव्हरला मागे टाकताना यांच्या ड्रायव्हरने हात हलवून सॉरी म्हटलं होतं.

संघाची बैठक घेतली. म्हणालो, स्पर्धेच्या मैदानावर त्यांच्याकडून कोणी स्क्रूसुद्धा घेणार नाही. स्वाभिमान उसना मिळत नसतो. ओटोने विचारलं, मॅपल सिरप दिलं तर? या मुलाचं मन अजून पोटातच आहे.

३० मे

नियमपुस्तक उघडलं. (आजवर उघडलं नव्हतं, कारण नियम पाठ करणं कारकुनांचं काम, इतिहास घडवणाऱ्यांचं नव्हे.) पान चौदा. ड्रायव्हरचं वजन किमान एकशे तीस पौंड हवं. कमी भरल्यास वाळूची पिशवी.

ओटो एकशे चोवीसवर आहे.

हा नियम ज्याने केला त्याचा मी निषेध करतो. साडेतीन महिन्यांची तपश्चर्या! ओटोला सांगितलं. तो तडक बेकरीच्या दिशेने चालू लागला.

४ जून

उद्या निघायचं, आम्ही तिघंच. गाडी ट्रेलरवर, ट्रेलर बाबांच्या पिकअपला. या पिकअपला पेट्रोल पाजणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं, पण दुसरं वाहन नाही. निदान ट्रेलर तरी हलका हवा. सुट्या भागांची पेटी चाळीस पौंड भरली. गुपचूप उतरवून ठेवली. ज्याचा स्वतःच्या गाडीवर विश्वास आहे त्याला सुटे भाग लागत नाहीत.

५ जून, संध्याकाळ

नऊ तास प्रवास. मिशिगनच्या दोन भागांना जोडणारा पूल ओलांडल्यावर जग सपाट झालं. मैदानावर तंबू लागलेत. ऑन्टारियोवाले शेजारीच. त्यांची कॅप्टन मॅकइनिस नावाची मुलगी हसून म्हणाली, काही लागलं तर हाक मार. मी पाठ फिरवली. दाराची कडी लावल्यासारखी फिरवली.

ब्रेना आणि ओटो जेवायला गेले, तेव्हा माझं मोठं काम केलं. पुढचं चाक हाताने फिरवलं, अडीच मिनिटांत थांबलं. कारण? ब्रेकची रबरं चाकाला हळूच चाटतात. चोरटं, नीच घर्षण! दोन्ही रबरं काढून पॉलिश पेपरने घासली. पुन्हा फिरवलं. सहा मिनिटं! नंतर अजून जरा घासली. सात मिनिटं दहा सेकंद! त्या फिरत्या चाकाकडे बघताना डोळे भरून आले. हे उद्या सगळ्यांना कळेल. तोवर गुप्त.

६ जून, सकाळ साडेदहा

तपासणी. ओटो वजनाला उभा राहिला, एकशे एकतीस. एका आठवड्यात सात पौंड! त्याने एवढी मन लावून केलेली दुसरी कामगिरी मी पाहिलेली नाही. हॉर्न वाजला. ब्रेनाने डोळे मिटून घेतले होते, ते उघडले.

मग ब्रेकची परीक्षा. गाडी ड्रायव्हरसकट उतारावर ठेवतात, ब्रेक दाबतात आणि ती जागेवर राहायला हवी.

ती राहिली नाही. ती अतिशय सुंदर घरंगळली. मी आयुष्यात इतकं निर्मळ घरंगळणं पाहिलेलं नाही. थेट परीक्षकांच्या टेबलावर. कॉफी उलटली, कागद भिजले, ओटो आतून ओरडत होता, मी दाबतोय, मी दाबतोय.

परीक्षक शर्ट पुसत म्हणाले, चार वाजेपर्यंत ब्रेक दुरुस्त, नाहीतर बाद. ब्रेनाने रबरं काढून बघितली. नखाएवढी उरली होती. तिने मला विचारलं, लायल, पेटी कुठाय?

मी पेटीमागची भूमिका समजावून सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला ती उठली आणि गाडीच्या पलीकडे जाऊन जमिनीवर बसली. मला पाना फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

६ जून, अकरा

निर्णय घेतला. अठ्ठावीस मैलांवर गावात सायकलचं दुकान आहे. मी स्वतः रबरं आणणार. ओटो म्हणाला, कॅप्टन, शेजारी विचारूया ना, त्यांच्याकडे ढीग असेल. मी म्हणालो, माझा मुडदा पडला तरी नाही. तो म्हणाला, आधी पेट्रोल तरी भर, काटा खाली टेकलाय.

काटे भित्रे असतात. भरण्यात दहा मिनिटं जातील. आणि घरंगळण्याचं शास्त्र मला कोणी शिकवायचं? तीन हजार मैलांचा माणूस अठ्ठावीस मैलांना घाबरेल?

६ जून, दुपारी सव्वादोन, हायवेच्या कडेला

रबरं मिळाली. खिशात आहेत.

परत येताना शास्त्र वापरलं. इंजिन पेटवलं, वेग घेतला, बंद केलं, घरंगळलो. पुन्हा पेटवलं. स्टिअरिंग दगडासारखं झालं, पण इतिहास घडवणाऱ्यांचे खांदे दुखायचेच. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. एक म्हातारी पुढे जाताना काच खाली करून म्हणाली, बाळा, झोप लागतेय का?

या भागात उतार नाहीत. एकही नाही. ही माझी चूक नाही, भूगोलाची आहे.

सतरा मैल उरले असताना इंजिन पुन्हा पेटलंच नाही.

फोनची बॅटरी संपली. काल चाकाचे व्हिडिओ घेतले होते. चालत निघालो असतो, पण सतरा मैल. आणि पिकअप बाबांची. पायाखालची माती लाथाडली. आकाशाला शिव्या दिल्या. ट्रक जातात, एकही थांबत नाही. अडीच टन लोखंड आणि एक माणूस. अडीच टन लोखंड आणि एक माणूस.

६ जून, साडेचार

एक डेप्युटी, म्हणजे इथला पोलीस, थांबला. वयस्कर, शांत. मागच्या डिकीतून डबा काढून एक गॅलन पेट्रोल ओतलं. विचारलं, एवढ्या घाईने निघालात कुठे? सांगितलं, इंधनबचतीच्या स्पर्धेला. त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, प्रेक्षक म्हणून?

मदत केली की नोंद करावी लागते म्हणे. कागद फाडून हातात दिला. खिशात कोंबला. चार वाजून गेले होते.

६ जून, संध्याकाळ

मैदानावर पोचलो. आमच्या तंबूत कोणी नव्हतं. वाटलं, सामान आवरून बसले असतील कुठेतरी रडत. वाक्य जुळवत होतो. पराभवही भव्य असू शकतो, वगैरे.

सगळे निकालाच्या फळ्याजवळ होते. फळ्यावर आमचं नाव. पुढे आकडा. नऊशे ब्याऐंशी.

मी निघून गेल्यावर ओटोने शेजारी जाऊन विचारलं होतं. मॅकइनिसने रबरं दिली, वर स्वतः हाताने बसवून दिली. साडेबाराला तपासणी पास. तीन वाजता धाव. वारा पडलेला होता. कोणी काठावरून सूचना ओरडत नव्हतं, त्यामुळे इंजिन कधी बंद करायचं ते ब्रेनाने बोटाने खुणावलं आणि ओटोने ऐकलं.

फितुरी! असं म्हणायला तोंड उघडलं. ब्रेना फळ्यासमोर उभी होती. काळ्या बोटांनी आकड्याला न लागता, अगदी जवळ हात धरून. ती वळली. म्हणाली, लायल, बघ, नऊशे ब्याऐंशी. तिला राग आला नव्हता. मी तिथे नव्हतो हे तिला आत्ता आठवत होतं, असं वाटलं.

खिशातली रबरं काढून दिली. ती म्हणाली, मॅकइनिसला परत करायला उपयोगी पडतील.

ऑन्टारियो पहिले, दोन हजार दोनशे. त्यांनी सिरपच्या बाटल्या वाटल्या. ओटोने दोन घेतल्या. मी एकही घेतली नाही. नंतर ओटोच्यातलं थोडं घेतलं.

८ जून

परत. पिकअप ब्रेनाने चालवली. निघण्याआधी टाकी गच्च भरली, माझ्याकडे न बघता. नऊ तासांत माझी भाषणं तीन, सगळी मनात.

९ जून

सकाळी गॅरेजमध्ये गेलो. ड्रोनवाल्यांनी हीटर परत आणून ठेवला होता. जूनमध्ये!

खिळ्यावर ब्रेनाने निकालाचा कागद लावलाय. शिक्का मारलेला. ब्रेना कॉस्की, ओटो नीमी, नऊशे ब्याऐंशी. धावेला हजर असलेल्यांचीच नावं घालतात, असा नियम आहे. पान एकवीस.

त्याच्या खाली दुसरा कागद. पिकअपच्या सीटवर पडला होता, म्हणून ओटोने आणून लावला, म्हणे. तोही शिक्का मारलेला. नाव, लायल हार्विला. मदतीचं कारण, इंधन संपले. प्रमाण, एक गॅलन.

काढायला गेलो. खिळा हलेना. जानेवारीत मी चांगलाच ठोकलाय.