तानकोवाबाईंचा अंदाज

१ मार्च
आल्या आल्या मनगटावर वसंताचा लाल-पांढरा धागा! गीना आजींनी स्वतः वळलेला. वय एक्याऐंशी, जन्म कापडगिरणीत गेला. माझा दंड दाबून म्हणाल्या, "आम्हाला चालवायला आलीस होय? आधी स्वतः दोन घास खा!" आणि चीज भरलेली गरम खारी, बनित्सा, पुढे केली. बाल्कन डोंगराच्या पायथ्याच्या या वृद्धाश्रमात व्यायाम शिकवायची नोकरी. मी खूश आहे.

४ मार्च
खरं काम कळलं. कोण पडणार ते आधी ओळखायचं. हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, चार पावलं जाऊन परतायला किती वेळ लागतो, वर्षात किती वेळा पडले, सगळ्याचे गुण. जास्त झाले की लाल खूण. संचालिका तानकोवाबाईंचा अंदाज म्हणे आजवर चुकलेला नाही; एप्रिलमध्ये सोफियातल्या सभेत त्या हेच मांडणार आहेत. स्लावेय आजोबांचा गुडघा धरतो, गीना आजींचा तोल जातो. दोघांनाही मी लाल खूण केली.

१२ मार्च
स्लावेय आजोबा पडले. मांडीचं हाड मोडलं. तानकोवाबाईंनी माझी पाठ थोपटली. नजर चांगली आहे म्हणाल्या.

१५ मार्च
लाल खूण झाली की काठी काढून घेतात! व्यायाम बंद. उठू नयेत म्हणून चहात गुंगीचे थेंब. आठवड्याभरात पायातलं बळ जातं. मग एक दिवस संडासला उठतात आणि कोसळतात. हा कसला अंदाज? हा खड्डा आहे, आणि खणला मी!

तानकोवाबाईंच्या टेबलावर हात आपटला. त्या थंडपणे म्हणाल्या, "साठ म्हातारे, दोन परिचारिका. तू सांभाळतेस?"

१९ मार्च
गीना आजींचा चहा मीच करते. थेंब मोरीत. आज धरून दहा पावलं चालल्या. घाम पुसत म्हणाल्या, "बारा-बारा तास मागापुढे उभी राहिलेय मी. त्या बाईच्या कागदासाठी पडेन होय?"

२१ मार्च
तानकोवाबाईंनी आजींना चालताना पाहिलं. ओरडल्या नाहीत. "लाल खूण असून चालतात?" एवढंच विचारलं. हातातली खुणांची वही मिटली.

२३ मार्च
स्लावेय आजोबा गेले. खुणेखाली सही माझी. माझी! उद्या सगळे कागद पोलिसांकडे नेणार.

२४ मार्च, दुपारी सव्वातीन
गीना आजी खोलीत नव्हत्या. तानकोवाबाई हात धरून फिरायला घेऊन गेल्यात, असं शेजारणीने सांगितलं. बाई जागेवर नाहीत ते बरं झालं म्हटलं, आणि कागद काढायला दप्तरखोलीत आले.

अपघातांच्या फायलीत सर्वांत वर गीना आजी. जिन्यावरून पडून मृत्यू. तारीख आजची. वेळ साडेतीन. खाली माझं नाव, माझ्यासारखीच सही —

दार उघडत नाही. बाहेरून कडी. ओरडले. कोणी नाही —

हे कोणाला सापडलं तर — सही माझी नाही —

तीन सत्तावीस. जिन्यावर आजींचा आवाज. हसतायत. "बघा बाई, चालते की नाही!"

आजी, बसा — तिथेच खाली बसा — कठडा धरा, आजी, कठ