मोटारीची खोड

बाबा, आज अकोल्याच्या जुन्या शहरात मी ज्यांच्याकडे उतरलो आहे त्या गृहस्थांनी त्यांची लहान मोटार विकली. मी ओसरीवर बसून सगळा सौदा ऐकत होतो. लढाई संपली तरी नव्या गाड्या अजून दिसत नाहीत, त्यामुळे जुन्या गाडीला असा भाव आला आहे की तुम्ही ऐकला असता तर हसून डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली असती. घेणाऱ्यानं टायर पाहिले, खाली वाकून तेल गळतं का ते पाहिलं, इंजिनाला कान लावला. आणि शेवटी, सगळे शेवटी विचारतात तसंच, विचारलं, "आधी कोनाकडं होती?" त्या प्रश्नावर मी उठून आत आलो आणि हा कागद पुढे ओढला.

तुम्हाला मोटारींचा दलाल कुणी केलं नव्हतं. आपण माळी, मळ्यात वांगी, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. तुम्ही बैलांच्या बाजारात दलाली करायला लागलात, कारण तुम्हाला जनावर कळत होतं. मग बदली झालेले साहेब, म्हातारे वकील, डॉक्टर आपल्या लहान मोटारी विकायला काढू लागले आणि गिऱ्हाईक होते गावोगावचे पाटील, ज्यांनी जन्मभर फक्त बैल विकत घेतले होते. त्यांना तुमच्याइतका दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. म्हणून मोटारीही बैलांच्या बाजारात, बैलांच्याच रीतीनं विकल्या जाऊ लागल्या. मांडीवर दुपट्टा पसरायचा, त्याखाली दोघांचे हात, बोटांनी भाव. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा. त्याआधी जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड चारचौघांत मोठ्यानं सांगायची: मारकं आहे, बसकं आहे, पाण्याला बुजतं. सांगितलेल्या खोडीबद्दल नंतर तक्रार नाही. न सांगितलेली निघाली, तर पुढच्या बाजारी जनावर परत, आणि ज्यानं लपवली त्याच्या दुपट्ट्याखाली पुन्हा कुणी हात घालायचा नाही.

तुम्ही मोटारीच्या टपावर तसाच हात ठेवायचात. "डावीकडे वढते. चढाव आला का पानी मांगते. पावसाळ्यात सुरू व्हायले आळस करते, पन सोडून जात नाई." बाजार हसायचा, आणि त्या हसण्यातच सौदा होऊन जायचा.

तो कंत्राटदार आपल्याकडे आला तो उन्हाळा मला अजून अंगावर जाणवतो. मी अमरावतीच्या कॉलेजातून सुटीला आलो होतो. समतेवर जे मिळेल ते वाचत होतो, आणि वाचलेलं दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी पारावर उभं राहून बोलून टाकत होतो. तो महार समाजाचा. सडकेच्या खडी-मुरुमाची कंत्राटं घेऊन हिमतीनं वर आलेला. ज्या सडकेवर त्या सगळ्या मोटारी धावत होत्या, तिची खडी त्याच्या माणसांनी फोडलेली. त्याला त्याची लहान मोटार विकायची होती, मुलीला डॉक्टरीच्या शिक्षणाला नागपूरला पाठवायचं होतं. दुसऱ्या दलालांनी त्याला निम्मा भाव सांगितला होता. गाडीत काही वाईट नव्हतं. ते त्यांनीही कबूल केलं होतं. मालकाचं नाव ऐकल्यावर घेणार कोण, एवढंच त्यांचं म्हणणं.

तुम्ही गाडीभोवती फिरलात. दार उघडून लावून पाहिलंत. मग त्याला म्हणालात, "कंत्राटदार, मी गाडी पाहून भाव सांगतो. मानूस पाहून सांगाचा असन त मले जमत नाई."

तो म्हणाला, "मंग पुऱ्या भावात घेईन कोन?"

"ते माहं काम हाये."

तेल्हाऱ्याकडच्या एका पाटलानं ती घेतली. तुम्ही टपावर हात ठेवून खोडी सांगितल्या: मागचं एक दार झटक्यानं लावावं लागतं, दिवे मंद आहेत, थंडीत हँडल जास्त मारावं लागतं. पाटील खूश. गाडीला हळदकुंकू लावून, चाकाखाली नारळ फोडून तो गेला. कंत्राटदाराला त्याचे पैसे तुम्ही त्याच दिवशी दिलेत आणि त्याची मुलगी नागपूरला गेली.

पुढच्या बाजारी पाटील परत आला. पुढे बैलजोडी आणि तिला जुंपलेली गाडी. पूर्णा नदीच्या पलीकडून, काळ्या मातीच्या फुफाट्यातून, बैलांनी मोटार ओढत अकोल्याला आणली होती. बाजारातली एकूण एक माणसं उठून उभी राहिली. कुणी ओरडलं, "पाटील, मोटारीले वैरन टाकली का नाई?" दुसरा म्हणाला, "जोडी मस्त हाये, पन मागचं जनावर काहून बसलं?" पाटील हसला नाही.

झालं होतं असं. त्यांच्या गावच्या सडकेवर काम केलेल्या एका मजुरानं गाडी ओळखली आणि भोळेपणानं सांगून टाकलं की ही आमच्या कंत्राटदाराची. घरात एकच गोंधळ. पाटलाच्या आईनं जेवण सोडलं. मग शुद्धी ठरली. गाडीवर गोमूत्र शिंपडलं. तेवढ्यानं भागेना म्हणून पुढचं झाकण उचलून इंजिनावर घागरीच्या घागरी पाणी ओतलं. गाडी पवित्र झाली आणि बंद पडली.

तुम्ही दुपट्टा काढलात, आतल्या तारा एकेक करून पुसल्यात, गाडी उन्हात उभी ठेवलीत. दुपार कलल्यावर हँडल मारलंत. ती सुरू झाली. बाजारानं हुश्श केलं. मला वाटलं, संपलं. पण पाटील तुमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"चालते, हे मलेही मालूम हाये. पन तुमी सांगितलं नाई."

"काय सांगितलं नाई?"

"कोनाची होती ते. खोड लपवली तुमी."

आणि बाबा, त्या क्षणी मला कळलं की भांडण मोटारीचं नाहीच. तुमच्या आयुष्यात तुमच्याजवळ एकच गोष्ट होती: तुम्ही खोड लपवत नाही. आता एकतर ती जावी, नाहीतर एका माणसाचं जन्माला येणं ही खोड आहे असं तुम्ही भरबाजारात कबूल करावं. तिसरी वाट नव्हती.

शेजारी एक रिकामी बंडी होती. मी उडी मारून तिच्यावर चढलो. दोन वाक्यं बोललो असेन, जोरात, आणि चार टाळ्याही पडल्या. तुम्ही मान वर करून पाहिलंत.

"खाली उतर."

"बाबा, हे लोक..."

"उतर म्हनलं ना. तू बोलला का माहा सौदा तुही सभा होते. सौदा हाये, सौदाच राहू दे."

मी उतरलो. इतक्या सभा झाल्या, पण एका वाक्यात मला खाली उतरवणारा माणूस नंतर भेटला नाही.

बाजारात एक म्हातारे मुसलमान दलाल होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे; तंटा झाला की त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा तुमच्यावर जीव होता. त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुमच्यासाठी दार किलकिलं केलं. "भाऊ, इतकंच म्हना का सांगाचं राहून गेलं. जबान हाये, घसरते कदी कदी. बात खतम."

किती सोपं होतं. राहून गेलं. पाटलानंही मान हलवली. त्याला एवढंही पुरलं असतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला घरी जाऊन आईला जेवायला बसवायचं होतं.

तुम्ही म्हणालात, "राहून नाई गेलं चाचा. सांगाचं नव्हतंच. खोड जनावराची असते. मालकाचंही इचारतो आपन, पन काय इचारतो? चारा टाकत होता का, मारत होता का. ह्या मालकानं गाडी लेकरावानी ठेवली. ते मी सांगितलं."

तेव्हा पाटलानं जे विचारलं, ते मी आजही कुठल्याही विरोधकाच्या तोंडून ऐकलेल्या प्रश्नांपेक्षा कठीण समजतो. "मंग कलेक्टर कचेरीतल्या साहेबाची गाडी इकाले आनता तवा काहून सांगता, साहेबाची हाये म्हनून? तवा मालक चालते?"

सगळा बाजार तुमच्याकडे पाहत होता. खरं होतं ते. मीच ऐकलं होतं: 'साहेबाची गाडी हाये, पाटील, साहेबाची!' आणि त्या एका शब्दावर खटारा गाडीचाही भाव चढायचा. गाडीच्या चालण्याला आमच्या मुलुखात कधीच भाव नव्हता. तिच्या गादीवर कोण बसलं होतं त्याला होता. वर चढवणारी जात आणि खाली उतरवणारी जात ही एकाच तागडीची दोन पारडी. एक पारडं हातात घेऊन दुसरं नाकारता येत नाही. हे मी पुढे कितीतरी पुस्तकांत शोधत राहिलो. तुम्हाला ते उभ्या उभ्या, गोमूत्राचा वास येणाऱ्या इंजिनापाशी, एका पाटलाच्या तोंडून ऐकावं लागलं.

तुम्ही हातातला दुपट्टा खांद्यावर टाकलात. मग म्हणालात, "सांगत होतो. चुकत होतो. आजपासून तेही सांगनार नाई."

चाचांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. रागानं नाही. त्यांच्या लक्षात आलं की आता आपल्या हातात काही उरलेलं नाही.

खोड मान्य नव्हती, तरी बाजाराची रीत म्हणून तुम्ही गाडी परत घेतली आणि पाटलाचे पैसे परत केले; त्यासाठी होतं तेवढं साठवलेलं गेलं, वर मळ्याच्या कडेची चिंचेची दोन मोठी झाडं तोडून विकावी लागली. आईनं कुऱ्हाडीचा आवाज ऐकायला नको म्हणून त्या दिवशी माहेर गाठलं. ती परत आली त्याच सुमारास कंत्राटदार आपल्या घरी आला. अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, गाडी मले परत द्या. पैसे मी जमवतो हळूहळू. बाजारात सांगा का ज्याची होती त्याले देऊन टाकली. तुमचं नाव साफ होऊन जाईन."

तुम्ही म्हणालात, "तुमाले परत देली म्हंजे खोड होती असं होते."

त्यानं अंगणातल्या गाडीचं मागचं दार झटक्यानं लावून पाहिलं. मग म्हणाला, "तुमाले वाटते मले वाईट वाटलं असन. मले सवय हाये भाऊ. तुमाले सवय नाई, म्हनून आलो मी."

आईनं त्याला आणि तुम्हाला घरातल्या कपांतून चहा दिला. तो गेल्यावर तिनं ते कप राखेनं दोनदा घासले. मी दोन्ही पाहिलं. तुम्हीही पाहिलंत, आणि तिला काही बोलला नाहीत. त्या वेळी मला तुमचा राग आला होता. आता वाटतं, तिनं आधी कप दिले, मग घासले. आणि त्या मधल्या वेळात ती किती लांब चालत गेली आणि तिथून परत आली हे तुम्हाला कळत असावं.

मोटार आपल्याकडेच राहिली. मागच्या गादीवर वांग्यांची पोती, झेंडूच्या टोपल्या. मोर्णेच्या पुलावर पोरं ओरडायची, "माळ्यानं कोथिंबिरीले मोटार घेतली!" तुम्ही त्यांना भोंगा वाजवून दाखवायचात. त्या दिवसांत तुम्ही हसताना मला दिसलात ते फक्त तिथे.

आणि दर बाजारी तुम्ही गेलात. हे मला सगळ्यात जड जातं. लोक बोलायचे तुमच्याशी. पानसुपारी द्यायचे, मळ्याची चौकशी करायचे, चाचा शेजारी येऊन बसायचे. तुम्ही मांडीवर दुपट्टा पसरून बसलेले. त्याच्याखाली कुणी हात घातला नाही. साहेब लोकांनीही गाड्या दुसऱ्यांकडे द्यायला सुरुवात केली. साहेबाचं नाव न सांगणारा दलाल त्यांच्या काय कामाचा? मी सुटीत आलो की तुमच्याबरोबर यायचो. मला वाटायचं, आज तरी तुम्ही काहीतरी बोलाल, समजावाल, भांडाल. तुमच्याजवळ मुद्दा होता, आणि सगळ्या बाजाराजवळ मिळून नव्हता. पण तुम्ही नुसते बसायचात, बाजार उठेपर्यंत. मग दुपट्टा झटकून खांद्यावर टाकायचात आणि म्हणायचात, "चाल." असं तुम्ही शेवटच्या आजारात अंथरूण धरेपर्यंत केलंत, आणि एकाही माणसाचं मन बदललेलं मी पाहिलं नाही.

मी जे काही झालो ते यावर झालो, असं लोकांना सांगावं असं अनेकदा वाटलं. पण लोक सभेला येतात ते थोडंतरी जिंकून घरी जायला, आणि यात जिंकणं कुठे आहे ते मला अजून दाखवता येत नाही. मला तीन तास बोलता येतं. तुम्ही जे केलंत ते बोलणं नव्हतं.

हा कागद कुठे जायचा नाही. लिहून झाला की मी तो माझ्याच हातानं फाडणार आहे. फक्त एक सांगायचं आहे. उद्याची सभा इथल्या मंडळींनी त्याच बैलांच्या बाजारात ठरवली होती. मोठी जागा आहे, माणसं मावतात. मी सकाळी निरोप पाठवून जागा बदलून घेतली. कारण दिलं की तिथे सावली नाही. सावली भरपूर आहे, बाबा. पण तिथे तुम्ही अजून गप्प बसलेले आहात, आणि तुमच्यापुढे माझा आवाज चढत नाही.