तयार हजेरी

२ जून
मार्केट यार्डातल्या कांदा-बटाट्याच्या आडतीत आजपासून कॉम्प्युटर मी सांभाळणार! हिंजवडीच्या कंपनी बसमधून सुटका झाली, यातच आनंद. हमालांचे मुकादम दत्तोबा यांनी सगळा गाळा हिंडून दाखवला, चहा पाजला. मालक बद्रीनाथशेठ मात्र म्हणाले, "स्वरालीबाई, काम करायला आलात की यार्ड बघायला?"

४ जून
शेठना हमालांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर हवं होतं, तेही आजच. क्लाउडच्या मार्केटप्लेसवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन बाजारात, तयार मिळालं. विक्रेत्याचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण चार क्लिकमध्ये चालू झालं. दारावरचा कॅमेरा चेहरे ओळखून नोंद करतो. शेठ पहिल्यांदाच हसले. म्हणाले, आता माणसांवर विश्वास ठेवायला नको.

९ जून
सॉफ्टवेअरने दत्तोबांना गैरहजर दाखवलं. ते तर माझ्यासमोर उभे! शेठना सांगितलं. ते दत्तोबांच्या आरपार बघत म्हणाले, इथे कोणी नाही. दत्तोबांनी कारकून चांदभाईंचा खांदा गदागदा हलवला. चांदभाईंनी माशी उडवावी तसा तो झटकला. दोघं मिळून म्हाताऱ्याला छळताहेत, असं वाटलं.

१० जून
छळ नाही. दत्तोबांसोबत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने त्यांच्यादेखत शेजारणीला सांगितलं, की ते कालपासून घरी आलेच नाहीत. ते फक्त मला दिसतात. सॉफ्टवेअर मी चालू केलं, म्हणून?

११ जून
मी सॉफ्टवेअर काढून टाकायला गेले. सूचना आली: गैरहजर व्यक्तीही कायमच्या काढल्या जातील. हात थांबला. मग दत्तोबांच्या नावापुढे 'हजर' केलं. सॉफ्टवेअरने विचारलं: बदली गैरहजर कोण?
दत्तोबा पोत्यांआड बसून रडत होते. मी 'बद्रीनाथ' टाइप केलं.
लगेच चांदभाई ओरडले, "अहो दत्तोबा, होतात कुठे?"

१२ जून
शेठ सकाळपासून गाळ्यात उभे राहून शिव्या देताहेत. कोणी मान वर करत नाही. मी केली— चुकून. त्यांना कळलं, मला ऐकू येतंय.

१३ जून
शेठ माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडदा वाचला. सगळं समजलं त्यांना— मला ढकललं, कीबोर्ड ओढला. 'बद्रीनाथ: हजर'. खाली तोच प्रश्न—
एका बोटाने टाइप करताहेत. स्व. रा.
मी चांदभाईंचा हात धरलाय. ते विचारताहेत, काय झालं मॅडम. सांगते— शेठ—
चांदभाई, इकडे बघा. अहो, इकडे—